सीलबंद, पण जुना: बिझनेस लॅपटॉपला नेमके किती पैसे द्यायचे?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर.)

आजचा भाग खरेदीवर आहे. लॅपटॉप जुन्या मॉडेलचा, पण वापरलेला नाही. खोकं बंद, सील जागेवर. याला नवा म्हणायचं की जुना? आणि पैसे कुठल्या हिशोबाने द्यायचे?

हा प्रश्न आपल्या एका श्रोत्या ताईंनी पाठवलाय. धाकट्या भावाला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन मिळाली आहे. लॅपटॉपसाठी घरात ३५ हजार बाजूला काढलेत आणि पुढची चार वर्षं परत एवढी रक्कम निघणं अवघड आहे. एका दुकानदाराने त्यांना थिंकपॅड टी४८० दाखवला. आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. म्हणाला, "एमआरपी १ लाख १० हजार, ताई, तुम्हाला ३४ ला देतो. एकदम सीलपॅक." ताईंचा प्रश्न: ही डील चांगली आहे का?

डील चांगली की वाईट हे नंतर बघू. आधी एमआरपी बाजूला ठेवूया. बिझनेस लॅपटॉपचा छापील भाव जवळपास कोणीच देत नाही. कंपन्या शेकड्याने मशीन घेतात, तेव्हा घासाघीस करून बराच कमी भाव ठरतो. शिवाय तो छापील भाव त्या वर्षीचा. टी४८० बाजारात आला २०१८ च्या सुरुवातीला. तेव्हाच्या किमतीवर आज किती टक्के सूट मिळाली, यावरून काहीच कळत नाही.

मग असा न वापरलेला माल येतो कुठून? यात दर वेळी काळंबेरं असतं असं नाही. कंपनी प्रोजेक्टसाठी जास्तीची मशीन घेऊन ठेवते आणि प्रोजेक्ट बंद पडतो. डिस्ट्रिब्युटरकडे शेवटचा लॉट पडून राहतो. स्टोअररूममधले स्पेअर पीस तसेच राहतात आणि काही वर्षांनी भंगार-लिलावात निघतात. तिथून ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, दिल्लीच्या नेहरू प्लेसला आणि मग आपल्या गावातल्या दुकानात पोचतात.

आता मुख्य मुद्दा. लॅपटॉप दोन प्रकारे जुना होतो. एक वापराने: कीबोर्ड गुळगुळीत होतो, बिजागरी सैल पडते, स्क्रीनवर डाग येतात. दुसरा नुसत्या काळाने. सील फक्त पहिल्या प्रकारापासून वाचवतं. काळ खोक्याच्या आतही चालूच असतो.

काळाने काय काय जातं ते बघा.

पहिली बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी न वापरताही क्षमता गमावते, आणि गोडाऊन गरम असेल तर जास्तच. वर्षानुवर्षं चार्ज न केल्यामुळे ती एका मर्यादेखाली उतरली, तर तिचं संरक्षक सर्किट पुन्हा चार्जच घेऊ देत नाही. टी४८० मध्ये बॅटऱ्या दोन असतात, एक आत आणि एक मागे काढता येणारी. म्हणजे खर्चही दोन बॅटऱ्यांचा धरायचा.

दुसरी वॉरंटी. ती तुमच्या हातात खोकं आलं त्या दिवशी सुरू होत नाही. जुन्या स्टॉकची वॉरंटी बहुतेक वेळा कधीच संपलेली असते. खोक्यावरचा सिरियल नंबर लेनोव्होच्या सपोर्ट साइटवर टाका, सुरू आणि संपायची तारीख दिसते. डेलचा असेल तर सर्व्हिस टॅग टाका. दोन मिनिटांचं काम आहे, दुकानात उभ्या उभ्या फोनवर होतं.

तिसरं सॉफ्टवेअर, आणि इथे एका वर्षाचा फरकसुद्धा फार मोठा पडतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे आहेत. टी४८० बहुतेक करून आठव्या पिढीचा, म्हणून आत बसतो. त्याच्या आधीचा टी४७० सातव्या पिढीचा, तो बाहेर. दोघं दिसायला जवळपास सारखे. पण टी४७० च्या आय५ मध्ये २ कोअर आणि टी४८० च्या आठव्या पिढीच्या आय५ मध्ये ४. म्हणून "थिंकपॅड, आय५" एवढं ऐकून भाव ठरवू नका. मॉडेल नंबर आणि प्रोसेसरचा पूर्ण नंबर विचारा.

चौथं फर्मवेअर. २०१७ ते २०१९ मधल्या बऱ्याच थिंकपॅडमध्ये थंडरबोल्ट फर्मवेअरचा एक दोष होता. त्याने यूएसबी-सी पोर्ट चार्जिंग घेणं बंद करू शकतो. लेनोव्होने त्यावर अपडेट काढलं. वापरात असलेल्या मशीनवर ते कदाचित कोणीतरी टाकलेलं असेल. खोक्यात पडून राहिलेल्या जुन्या मशीनवर ते कोण टाकणार? म्हणून असा पीस घेतलात तर पहिल्याच दिवशी ते अपडेट करायचं.

बरं, मग जमेची बाजू काहीच नाही का? आहे ना. कीबोर्ड आणि बॉडी दणकट असते. विंडोज प्रोचं लायसन्स बऱ्याचदा मशीनमध्येच असतं, तेव्हा परत इन्स्टॉल केलं तरी आपोआप लागतं. टी४८० ला रॅमचे दोन स्लॉट आहेत, एसएसडी बदलता येते, उघडून दुरुस्त कसा करायचा याचं मॅन्युअल लेनोव्हो स्वतः देते. आजच्या बऱ्याच स्वस्त लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच चिकटवलेली असते. चार वर्षं मशीन चालवायचं असेल तर ही गोष्ट छोटी नाही.

आता भाव काढूया. मी तो दोन बाजूंनी काढतो. पुढचे आकडे हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुम्ही ज्या दिवशी घ्याल त्या दिवसाचे भाव टाका, कारण २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव बरेच चढलेत.

वरून खाली येऊ. आपलं काम भागवणारा आजचा नवा लॅपटॉप समजा ४० हजारांना मिळतो, आणि तो ५ वर्षं नीट चालेल असं धरू. म्हणजे वर्षाला ८ हजार. आपल्या टी४८० कडून आजपासून किती वर्षांची अपेक्षा ठेवायची? तो विंडोज ११ च्या यादीत अगदी कडेला आहे, म्हणून मी ३ धरतो. तीन गुणिले ८ हजार, २४ हजार. त्यातून दोन बॅटऱ्यांचे ५ हजार आणि ८ जीबी रॅम वाढवायचे ३ हजार वजा करा. उरले १६ हजार.

आता खालून वर. हेच मॉडेल रिफर्बिश्ड, दुकानाच्या काही महिन्यांच्या वॉरंटीसह, समजा १५ हजारांना मिळतं. न वापरलेल्या पीसचा खरा फायदा म्हणजे न झिजलेला कीबोर्ड, स्वच्छ स्क्रीन, घट्ट बिजागरी. त्याचे मी जास्तीत जास्त ३ हजार देईन. झाले १८ हजार.

दोन वेगवेगळ्या वाटांनी आपण १६ ते १८ हजारांवर आलो. हा रास्त भाव. २० च्या वर मी उठून निघेन. दुकानदाराने सांगितलेले ३४ हजार म्हणजे जवळपास दुप्पट.

पण ताई, तुमच्या बाबतीत पैसे जास्त जातात एवढाच प्रश्न नाही. शिक्षण चार वर्षांचं आहे. ३४ हजार देऊन बसलात, तर ज्या वर्षी फायनल इयरचा प्रोजेक्ट आणि प्लेसमेंट असेल, नेमका तेव्हा लॅपटॉप दमलेला असेल आणि हात रिकामा असेल. हाच पीस १७ ला मिळाला आणि बॅटऱ्या-रॅमसकट २५ पर्यंत गेला, तरी १० हजार शिल्लक राहतात. दोन-अडीच वर्षांनी हा विकून त्यात ते घातले, तर पुढचं मशीन घेता येईल. सी, जावा, पायथन, डेटाबेस, वेबचं काम १६ जीबी रॅमवर हा आरामात करतो. अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसकट चालवायला लागला की मात्र धाप लागेल. आणि भाव उतरतच नसेल, तर सरळ नवा घ्या. २०२२ चा आय३-१२१५यू सुद्धा ६ कोअरचा आहे आणि या जुन्या आय५ पेक्षा वेगवान आहे, वर एक वर्षाची वॉरंटी. फक्त रॅम वाढवता येते का ते बघून घ्या.

जास्त पैसे कधी द्यावेत? मॉडेल अकराव्या पिढीचं किंवा पुढचं असेल, कंपनीच्या साइटवर वॉरंटी अजून चालू दिसत असेल आणि पक्कं बिल मिळत असेल, तर. तेव्हा उरलेली वर्षं जास्त धरा आणि हाच हिशोब करा.

आता दुकानात काय करायचं ते ऐका. सील बघून पैसे देऊ नका, सील परत लावता येतं. "दादा, पैसे देतो, पण खोकं माझ्यासमोर उघडून चालू करून दाखवा," असं सरळ सांगा.

एक, खोक्यावरचा, मशीनच्या खालचा आणि बायोसमधला सिरियल नंबर एकच आहे का बघा. खोक्याच्या लेबलवर महिना-वर्षही असतं, ते वाचा.

दोन, बायोस उघडतो का बघा. थिंकपॅडला सुपरवायझर पासवर्ड लागलेला असेल, तर अधिकृत उपाय एकच, मदरबोर्ड बदलणे.

तीन, फोनचा हॉटस्पॉट जोडून विंडोजचा सेटअप करा. मध्येच एखाद्या कंपनीचं नाव येऊन ऑफिसचा ईमेल मागितला, तर मशीन अजून त्या कंपनीच्या नावावर नोंदलेलं आहे. विंडोज पुन्हा टाकूनही ते जात नाही. तिथेच थांबा.

चार, कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप करा. रिपोर्टमध्ये मूळ क्षमता आणि आताची क्षमता शेजारी शेजारी दिसते. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाकून एसएसडी किती तास चालली ते बघा. खरंच न वापरलेला पीस असेल तर आकडा अगदी लहान असतो. शेकडो तास दिसले तर तो रिफर्बिश्ड आहे, त्याला रिफर्बिश्डचाच भाव.

पाच, स्क्रीन फुल एचडी आहे का विचारा. टी४८० मध्ये १३६६ बाय ७६८ चा पॅनेलही यायचा. दिवसभर कोड वाचायचा तर तो नको.

सहा, सिरियल नंबर लिहिलेलं जीएसटी बिल. "बिल नको, स्वस्तात देतो" म्हणाला तर नको म्हणा. उद्या माल चोरीचा निघाला तर हातात काहीतरी हवं.

हे सगळं बघताना रागावायचं नाही, वाद घालायचा नाही. वजावटीचा कागद समोर ठेवा: इतके बॅटरीचे, इतके रॅमचे, वॉरंटी नाही. बऱ्याच वेळा दुकानदारच म्हणतो, "बोला, तुम्ही किती देणार?" तेव्हा १६ पासून सुरुवात करा.

ताई, भाव ठरला की कळवा. बाकीच्यांनीही कुठला पीस बघितला असेल तर मॉडेल, प्रोसेसरचा पूर्ण नंबर आणि सांगितलेली किंमत पाठवा, पुढच्या भागात त्यातले दोन-तीन घेऊन हिशोब करू. भेटूया!