स्वावलंबनातील अवलंबन

स्वावलंबन हा शब्द महाराष्ट्राच्या अंगवळणी पडलेला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या ब्रीदवाक्यात तो आहे. पाठ्यपुस्तकांत आहे, घरोघरी वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातही आहे. स्वतःचे ताट स्वतः उचलावे, स्वतःचे कपडे स्वतः धुवावेत, कोणापुढे हात पसरू नये, असा त्याचा रूढ अर्थ. परंतु ज्या मुलाचा हात पसरण्याइतकाही त्याच्या हुकमात नाही, पाण्याचा पेला ओठांपर्यंत नेताना अर्धे पाणी ज्याच्या अंगावर सांडते, त्या मुलाला या शब्दात जागा आहे काय?

शब्दाचीच फोड करून पाहिली तर त्यात अवलंबन उरते, आणि अवलंबन म्हणजे आधार. आधारच नको, असे हा शब्द म्हणत नाही. आधार ‘स्व’चा असावा, म्हणजे तो कोणाचा, केव्हा आणि किती घ्यायचा हे ज्याचे त्याने ठरवावे, असा अर्थ त्यातून निघू शकतो. व्याकरणकारांना हा विग्रह थोडा ताणलेला वाटेल. पण चेन्नई शहरात मेंदूच्या पक्षाघाताने ग्रस्त मुलांसाठी चाळीस वर्षांहून अधिक काळ जे काम चालले आहे, ते पाहिल्यावर हा अर्थ केवळ कोशातील राहत नाही.

सेरेब्रल पाल्सी या नावाने ओळखली जाणारी ही अवस्था वैद्यकाला फार काळापासून ठाऊक आहे. विल्यम जॉन लिटल या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८६१ साली लंडनच्या प्रसूतिशास्त्रज्ञांच्या सभेपुढे तिचे विवेचन केले, आणि पुढे कित्येक वर्षे ती ‘लिटलचा रोग’ म्हणूनच ओळखली जात होती. वास्तविक हा रोग नव्हेच. जन्मापूर्वी, जन्माच्या वेळी किंवा आयुष्याच्या अगदी आरंभी वाढत्या मेंदूला इजा होते. ती पुढे वाढत नाही, परंतु भरूनही येत नाही. मेंदूने स्नायूला दिलेली आज्ञा विस्कटते. कोणाचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, कोणाचे हात नको तेव्हा हलतात, कोणाला तोल सावरत नाही. जीभ आणि ओठ हेही स्नायूच. त्यामुळे बोलणेही अडते. दर हजार मुलांमागे दोन ते तीन, असे तिचे प्रमाण सांगतात. व्यायामाने, औषधांनी, प्रसंगी शस्त्रक्रियेने अवयवांचा ताठरपणा कमी करता येतो. मूळ इजा पुसून टाकणारा उपाय मात्र आजही नाही.

लोकांचा खरा घोटाळा होतो तो बुद्धीच्या बाबतीत. या मुलांपैकी सुमारे निम्म्यांना काही ना काही बौद्धिक अडचण असते. याचाच अर्थ, उरलेल्या निम्म्यांना ती नसते. पण मान डुगडुगते, लाळ गळते, शब्द स्पष्ट येत नाहीत, एवढ्यावरून पाहुणा आईला विचारतो, “याला कळतं का हो?” आणि तो प्रश्न मुलाच्या समक्षच विचारला जातो. मुलाला तो कळलेला असतो. उत्तर देण्याची सोय तेवढी नसते.

भारतात या मुलांच्या शिक्षणाचा पाया मुंबईत घातला गेला. डॉ. मिठू अलूर यांनी १९७२ साली तेथे स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. आपल्या मुलीला घेणारी शाळा सापडेना, म्हणून त्यांनी शाळाच काढली. ती मुलगी, मालिनी चिब, पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाली, लंडनला जाऊन तिने दोन पदव्युत्तर पदव्या मिळविल्या, आणि आपले आत्मचरित्र एका करंगळीने टंकलिखित केले. पुस्तकाचे नावही त्या बोटावरूनच पडले. चेन्नईत तारामणी येथे तामिळनाडूची स्पॅस्टिक्स सोसायटी १९८१ साली उभी राहिली. आणि १९८५ साली पूनम नटराजन यांनी मुंबईच्या संस्थेचेच नाव धारण करून दुसरी संस्था काढली. पूनमताईंच्या स्वतःच्या मुलालाही हीच व्यथा होती. ती संस्था आज कोट्टूरपुरम भागात ‘विद्या सागर’ या नावाने चालते. आपल्याकडील बहुतेक अशा संस्थांचा उगम कोणत्याही खात्याच्या कागदावर सापडत नाही, एखाद्या आईच्या नाइलाजात सापडतो. सरकारी कामकाजाची ज्यांना सवय आहे त्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

अशा ठिकाणी शिकवितात काय? जेवणाचेच उदाहरण घेऊ. आई मुलाला मांडीवर आडवे घेते, त्याची मान मागे झुकते, आणि ती वरून घास सोडते. यात माया आहे, पण धोकाही आहे, कारण मागे झुकलेल्या मानेमुळे अन्न श्वासनलिकेत उतरण्याचा संभव वाढतो. म्हणून प्रथम बसणे. कंबर खुर्चीच्या पाठीला टेकलेली, पाय अधांतरी न राहता पाटावर घट्ट, समोर कोपराच्या उंचीचे टेबल, हनुवटी किंचित खाली. बूड स्थिर झाल्याशिवाय हात मोकळा होत नाही. मग चमचा. त्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड केला की मूठ वळू न शकणाऱ्या बोटांतही राहतो. वाटी सरकू नये म्हणून तिच्याखाली ओले फडके. दहीभात चमच्याला चिकटून राहतो, सांबार राहत नाही. म्हणून आरंभ दहीभातापासून. सुताराच्या आणि गृहिणीच्या शहाणपणातून निघालेल्या या गोष्टी. त्यांना परदेशी यंत्र लागत नाही.

लागतो तो वेळ. आईने भरविले तर दहा मिनिटांत उरकणारे जेवण मुलाने स्वतः खाल्ले तर पाऊण तास चालते. “राहू दे रे, मी भरवते,” हे वाक्य निर्दयपणातून येत नाही. सकाळची शाळा, नळाचे पाणी आणि नवऱ्याची कचेरीला जाण्याची घाई यांतून येते. मोठ्यांच्या घाईत मुलाचे किती कर्तृत्व रोज गिळले जाते, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी, आणि ती उत्साही मंडळींच्या ध्यानात सहसा येत नाही. प्रत्येक कृती मुलाने स्वतःच केली पाहिजे, असा हट्ट धरला तर तोही एक जुलूमच. सदऱ्याची पाच बटणे लावण्यात ज्याची सकाळची सारी शक्ती खर्च झाली, त्याच्याजवळ गणितासाठी काय उरणार? सदरा दुसऱ्याने घालून द्यावा आणि ती शक्ती पुस्तकासाठी राखावी, असे एखाद्याला वाटले तर ते परावलंबन खचित नव्हे. निर्णय मात्र त्याचा हवा. मालिनी चिब यांनी करंगळी बटणांवर झिजविली असती तर पुस्तक लिहून झाले नसते.

पण निर्णय त्याचा, असे म्हणताच पुढचा प्रश्न उभा राहतो. जो बोलू शकत नाही तो निर्णय सांगणार कसा? म्हणून बोलू न शकणाऱ्या मुलाच्या बाबतीत पहिले काम असते ते ‘होय’ आणि ‘नाही’ निश्चित करण्याचे. दक्षिणेत मान अशा काही लयीत डोलावतात की नव्याने आलेल्या मराठी माणसाला तो होकार, नकार की नुसते सौजन्य, हे महिनोन्‌महिने उमगत नाही. मुलाच्या बाबतीत ही संदिग्धता चालत नाही. वर पाहिले की होय, डोळे मिटले की नाही. खूण कोणतीही असो, ती घरात, शाळेत आणि शेजारी सर्वांना एकच ठाऊक हवी. त्यानंतर चित्रांचा फळा येतो. मूल बोटाने, मुठीने किंवा नुसत्या नजरेने चित्र दाखविते. ज्याला तेही साधत नाही, त्याच्यासमोर दुसऱ्याने एकेका चित्रावर बोट ठेवीत जायचे, आणि योग्य चित्रापाशी त्याने आपली खूण करायची. या फळ्यावर भूक, तहान, शौच एवढीच चित्रे असून भागत नाही. ‘मला हे आवडत नाही’ आणि ‘तू जा’ यांनाही जागा लागते. पुष्कळ घरांना ही दोन चित्रे प्रथम रुचत नाहीत.

याच गरजेतून चेन्नईत एक यंत्र जन्मास आले. मद्रासच्या आय. आय. टी.मधून बाहेर पडलेले तरुण अभियंते अजित नारायणन यांनी विद्या सागरच्या सहकार्याने ‘आवाज’ नावाचे उपकरण तयार केले. मुलाने पडद्यावरील चित्रे निवडावीत आणि यंत्राने त्यांचे वाक्य बोलून दाखवावे, अशी त्याची योजना. जे मूल बोट ठेवू शकत नाही त्याच्यासाठी पर्याय आपोआप एकामागून एक पुढे येतात, आणि ते एका खटक्याने हवा तो थांबविते. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्या संस्थेच्या नियतकालिकाने २०११ साली पस्तिशीच्या आतील जगातील नवनिर्मात्यांत नारायणन यांची गणना केली. पुढे हेच साधन टॅब्लेटवर आले आणि स्वस्त झाले. परंतु यंत्र हाती आले म्हणून बोलणे येते असे नाही. ऐकणाऱ्याने तेवढा वेळ थांबावे लागते. आणि मुलाचे वाक्य अर्ध्यात ओळखून स्वतःच पुरे करण्याची मोठ्यांची खोड यंत्राने जात नाही.

वेळेचे हे महत्त्व शासनालाही अंशतः मान्य करावे लागले. केंद्र शासनाच्या २०१३ सालच्या मार्गदर्शक सूचनांनी अपंग परीक्षार्थींना लेखनिक, आणि दर तासामागे किमान वीस मिनिटे जादा वेळ देण्याची तरतूद केली. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने, ४० टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलांना सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. कागदावर हे चांगले आहे. मात्र लेखनिकाने मुलाच्या अस्पष्ट बोलण्याशी परिचित होण्यासाठी परीक्षेपूर्वी त्याच्यासमवेत बसले पाहिजे. ऐन वेळी धाडलेला लेखनिक हा नियमाचे पालन असतो, विद्यार्थ्याचा आधार नव्हे.

शिकून मोठा झालेला माणूस दाराबाहेर पडला की त्याची गाठ जगाशी पडते. विद्या सागरमध्ये त्या काळी अपंगांच्या कायदेविषयक विभागाचे काम पाहणारे राजीव राजन यांना सेरेब्रल पाल्सी होती. २००७ साली चेन्नईहून दिल्लीला राष्ट्रीय न्यासाच्या बैठकीस निघाले असता, सोबत कोणी नाही या कारणाने त्यांना विमानात घेण्यास नकार मिळाला. अपंगांसंबंधीच्या बैठकीला निघालेल्या मनुष्याला अपंग म्हणून अडवावे, यातील विसंगती कोणा अधिकाऱ्याच्या लक्षात आली नाही. पाच वर्षांनी, २०१२ साली, कोलकात्याच्या जीजा घोष यांना तर बसलेल्या विमानातून खाली उतरविले गेले. त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १२ मे २०१६ रोजी न्यायालयाने त्यांना दहा लाख रुपये भरपाई देवविली, आणि दयेपेक्षा प्रतिष्ठेचा प्रश्न मोठा मानला. दोघांनाही लागणारी मदत थोडी होती. ती मागितल्यावर मिळावी आणि न मागितलेली लादली जाऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

या साऱ्याच्या मुळाशी आईबापांची एक चिंता असते. ती पाहुण्यांपुढे बोलली जात नाही, दिवे मालवल्यावर बोलली जाते: आपल्यामागे याचे कसे होणार? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने या चिंतेला उत्तर म्हणून प्रौढ झालेल्या अशा मुलासाठी पालक नेमण्याची सोय केली. ती आवश्यक होती. परंतु जन्मभर पालक नेमला की तिशीतला मनुष्यही कागदोपत्री मूलच राहतो. २०१६ च्या कायद्याने मर्यादित पालकत्वाची कल्पना आणली. ठराविक मुदतीपुरते, ठराविक निर्णयापुरते, परस्परविश्वासाने आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार चालणारे पालकत्व, असे तिचे स्वरूप आहे. ज्याने लहानपणापासून कधी काही निवडलेच नाही, त्याची इच्छा न्यायाधिकारी विचारणार तरी कशी? सदरा निळा की पांढरा, आधी आंघोळ की आधी न्याहारी, आजोबांकडे यायचे की घरी राहायचे, या क्षुल्लक वाटणाऱ्या निवडी चौथ्या-पाचव्या वर्षापासून मुलाच्या वाट्याला आल्या, तरच कायद्यातील त्या शब्दांना पुढे काही अर्थ येतो. त्यातली एखादी निवड चुकेलही. थंडीच्या दिवशी तो पातळ सदरा निवडील. इतर मुलेही तेच करतात.

चेन्नईचा मरीना किनारा सर्वांना ऐकून ठाऊक आहे. रस्ता आणि लाटा यांच्यामध्ये तेथे वाळूचा भला रुंद पट्टा आहे, आणि वाळूत चाकाची खुर्ची रुतते. त्यामुळे त्याच शहरात वाढूनही समुद्र दुरूनच पाहणारी माणसे होती. अपंगांच्या संघटनांनी मागणी लावून धरली. प्रथम वर्षातून काही दिवसांपुरता तात्पुरता मार्ग टाकण्यात येऊ लागला. आणि २७ नोव्हेंबर २०२२ रोजी २६३ मीटर लांबीचा व तीन मीटर रुंदीचा कायमचा लाकडी मार्ग खुला झाला. त्यावर वृद्ध माणसेही चालू लागली, बाबागाड्या ढकलणाऱ्या आयाही आल्या. दोन आठवड्यांच्या आतच मंदौस चक्रीवादळाच्या लाटांनी त्याचा समुद्राकडील भाग उखडून टाकला. महापालिकेने तो दुरुस्त केला, आणि खुर्च्या पुन्हा पाण्याच्या दिशेने जाऊ लागल्या.