तहान, ऊस आणि नदीतला मासा

(भाषणाचा मजकूर)



जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत पाण्याचा प्रश्न निघाला की चर्चा ठरलेल्या वाटेनेच जाते. धरणात साठा किती, आवर्तन केव्हा सुटणार, डिंभे–माणिकडोह बोगदा व्हावा की होऊ नये. या चर्चेत कोणी नदीतल्या माशाचे नाव काढले तर सभेत हसू उमटते. माणसाला प्यायला पाणी नाही आणि माशांचे काय घेऊन बसलात, असे विचारले जाते. हा प्रश्न प्रामाणिक आहे. म्हणूनच त्याचे उत्तर भावनेने न देता हिशेबाने दिले पाहिजे.

२०११ च्या जनगणनेत जुन्नरची लोकसंख्या सुमारे चार लाख आणि आंबेगावची सुमारे २ लाख ३६ हजार होती. जलजीवन योजनेच्या मापाने माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले तर दोन्ही तालुक्यांची वर्षाची गरज जवळजवळ १,२७७ कोटी लिटर होते. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. म्हणजे दोन तालुक्यांची वर्षभराची तहान अर्ध्या टीएमसीहूनही कमी आहे. वाढलेली लोकसंख्या आणि गुरेढोरे जमेस धरून हा आकडा दुप्पट केला, तरी तो एका टीएमसीच्या आतच राहतो. उलट डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांचा उपयुक्त साठा सुमारे ३० टीएमसी आहे. पश्चिमेकडील आदिवासी वाड्यांवर उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा लागतात, त्या पाणी नाही म्हणून नव्हे. धरणाच्या भिंतीवरून पाणी खाली जाते आणि वर डोंगरात चढत नाही म्हणून. मासा आणि तहानलेला माणूस यांच्यात भांडण आहे हा समज या हिशेबापुढे टिकत नाही.

मग भांडण कोणात आहे? महाराष्ट्रात ऊस लागवडीखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपास आहे आणि सिंचनाच्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक वाटा तो घेतो. उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०१७ साली घेतला. पाटाने पाणी देण्याची रीत मात्र सुटलेली नाही. ऊस लावणारा लहान शेतकरी काही नदीचा वैरी नव्हे. हमखास भाव आणि हमखास खरेदी ज्या पिकाला आहे, तेच तो लावणार. दोष आहे तो पाण्याची किंमत आणि पिकाचा भाव ठरवणाऱ्या धोरणाचा.

आता माशाकडे वळू. कुकडी आणि मीना या नद्या घोडेला मिळतात, घोड भीमेला मिळते. या भीमा खोऱ्यातील माशांची पहिली शास्त्रीय नोंद कर्नल सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ च्या सुमारास केली. पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महाशीरला त्याने ‘खुद्री’ हे नाव दिले, चाकणजवळच्या इंद्रायणीतल्या एका माशाला ‘नुक्ता’ असे नाव दिले. ही नावे येथल्या बोलीतून उचललेली आहेत. नदीकाठच्या कष्टकऱ्याचे ज्ञान अशा रीतीने लॅटिन ग्रंथात जाऊन बसले. नुक्ता आज जागतिक पातळीवरील संकटग्रस्त माशांच्या यादीत आहे.

हे मासे का हटले, याचे कारण गूढ नाही. मृगाच्या पहिल्या पुराबरोबर मासा प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि उथळ, खडकाळ, वाहत्या पाण्यात अंडी घालतो. चढणीचे मासे ही गोष्ट मावळातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. धरणाने वाट अडवली आणि पहिला पूरही स्वतःच्या पोटात साठवला. धरणाखाली आवर्तन सुटले की लोंढा येतो, बंद झाले की खडक उघडे पडतात. वाळूउपशाने अंडी घालण्याची जागा गेली. जिलेटीन आणि विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून बंदी आहे, तरी तो प्रकार थांबलेला नाही. जलाशयाच्या संथ पाण्यात कटला, रोहू ही गंगेकडची जात आणि चिलापी मात्र सुखाने वाढतात.

येथे एक सावधगिरी हवी. डिंभ्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे, आणि ज्या आंबेगावाने तालुक्याला नाव दिले ते गाव त्याच पाण्याखाली आहे. तेथल्या विस्थापित आदिवासींनी ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीने सहकारी संस्था उभारून जलाशयातील मासेमारीचा हक्क मिळवला. त्यांची चूल कटला-रोहूवर पेटते. देशी माशाच्या नावाने ही चूल विझवण्याचा अधिकार कोणालाही नाही. जलाशय त्यांच्या उपजीविकेसाठी राहावा आणि देशी माशाचे पुनरुज्जीवन धरणाखालच्या व धरणावरच्या वाहत्या नदीत व्हावे, हीच न्याय्य विभागणी होय.

दुसरी सावधगिरी बोटुकलीविषयी. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या तलावाकाठी महाशीरचे कृत्रिम प्रजनन यशस्वी झाले, हे मोठेच काम होय. परंतु तेथली खुद्रीची बोटुकली कावेरीत सोडली गेली, ती तेथे फोफावली आणि कावेरीचा स्वतःचा मोठ्या मदारीचा महाशीर अस्ताला लागला. त्या कावेरीच्या माशाला शास्त्रीय नाव निश्चित झाले ते २०१८ साली, तो नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर आल्यावर. ज्या नदीचा मासा त्याच नदीत सोडावा, आणि सोडण्यापूर्वी त्याला जगता येईल असे पाणी वाहते ठेवावे, हा याचा धडा.

असे पाणी किती लागेल? प्रत्येक नदीसाठी नेमका आकडा पाहणीनेच ठरेल. पण कल्पना यावी म्हणून, पाऊस नसलेल्या आठ महिन्यांत धरणातून सतत १० क्युसेक सोडले तर एका धरणामागे सुमारे ०.२ टीएमसी, पाच धरणांमिळून एक टीएमसी होते. तीस टीएमसीतला हा तिसावा हिस्सा. शिवाय तो वाया जात नाही. काठच्या विहिरींना पाझर मिळतो, खालच्या बंधाऱ्यांत पाणी येते. गंगेच्या वरच्या भागासाठी केंद्र सरकारने २०१८ साली किमान प्रवाहाची टक्केवारी अधिसूचित केली. गंगेला जे लागू होते ते घोडेला का लागू होऊ नये? कर्जत-करमाळ्याच्या टोकाच्या शेतकऱ्याला मात्र या हिश्श्याची झळ लागता कामा नये. हे पाणी उसाच्या पाटातून वाचवले पाहिजे.

कार्यकर्त्यांपुढे कामे स्पष्ट आहेत. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे ढापे पावसाळ्यापूर्वी वेळेत निघतात की नाही, यावर गावोगाव लक्ष ठेवावे. ढापे निघाले तरच चढणीच्या माशाला वाट मिळते. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहातला महाशीर गावाने देवीचा म्हणून राखला आहे. तसा एकेक डोह ग्रामसभेच्या ठरावाने राखीव करावा, आणि प्रजननकाळात जाळे बंद ठेवणाऱ्या कातकरी, ठाकर, महादेव कोळी कुटुंबांना त्या काळाची मजुरी सरकारने द्यावी. कालवा सल्लागार समितीत आमदार आणि कारखानदार बसतात, मच्छिमार बसत नाही. त्याला तेथे जागा मिळाली पाहिजे, आणि आवर्तनाचा कार्यक्रम ठरण्याआधी नदीचा तिसावा हिस्सा कागदावर आला पाहिजे. पुढील बैठकीपूर्वी ही मागणी दोन्ही तालुक्यांच्या तहसील कचेऱ्यांत लेखी पोहोचवावी.