पाणबुड्याचा समभार : टाकीची निवड आणि शिशाचे प्रमाण



मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर पाठीला हवेची टाकी बांधून समुद्रात उतरणारी मंडळी आता नित्य दिसतात. परंतु ती टाकी कोणत्या धातूची असावी आणि कमरेच्या पट्ट्यात शिसे किती घालावे, हे दोन्ही प्रश्न पुष्कळदा कोणाच्या तरी नजरअंदाजावर सोपविले जातात. माझ्या मते हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत, आणि बुडीच्या अखेरीस, टाकी जवळजवळ रिकामी झालेली असता, पाणबुड्याची स्थिती काय राहील, हे पाहूनच त्यांचा निर्णय करावयास हवा.

१९४३ साली फ्रान्समध्ये झाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्याँ यांनी श्वासाच्या मागणीबरहुकूम हवा पुरविणारे यंत्र सिद्ध केले, आणि तोवर नळीने नौकेशी जखडलेला पाणबुड्या मोकळा झाला. मात्र त्या स्वातंत्र्याबरोबर आपली हवा आपणच वाहून नेण्याची जबाबदारी आली. आणि हवेलाही वजन असते. उष्ण प्रदेशांतील केंद्रांत जी ऍल्युमिनियमची टाकी सर्रास आढळते, तिचे अंतर्गत आकारमान सुमारे ११ लिटर व भरण्याचा दाब २०७ बार असतो. म्हणजे तीत सुमारे २,२०० लिटर हवा मावते आणि त्या हवेचे वजन अडीच किलोहून थोडे अधिक भरते. भरलेली असता ही टाकी समुद्रात सुमारे पाऊण किलोने बुडती असते, आणि पुरती रिकामी झाली की तीच सुमारे दोन किलोने तरती होते.

ऍल्युमिनियम हलके, म्हणून त्याची टाकी उचलावयास हलकी, असा समज रूढ आहे. तो खरा नाही. पोलादाच्या मानाने हा धातू दुबळा असल्यामुळे टाकीची भिंत जाड ठेवावी लागते, बाह्य आकार वाढतो, त्यामुळे ती अधिक पाणी सारते, आणि आर्किमिडीजच्या सिद्धांतानुसार तिच्यावरील प्लावक बलही वाढते. पोलादी टाकी आटोपशीर असते आणि रिकामी झाली तरी बहुधा बुडतीच किंवा समतोलाच्या जवळ राहते. सबब ती घेणाऱ्याला पट्ट्यातील शिसे दोन-तीन किलोंनी कमी करता येते. परंतु ज्याचा पोहण्याचा पोशाख पातळ आहे, त्याला हे ओझे फाजील होऊ शकते, कारण संकटसमयी पट्ट्यातील शिसे टाकून देता येते, टाकी टाकता येत नाही. धातू कोणताही असो, जेवढी हवा श्वासात खर्ची पडते, तेवढ्या वजनाने पाणबुड्या हलका होतो; हा जमाखर्च चुकत नाही.

म्हणून शिशाची तपासणी बुडी संपताना करावी. टाकीत सुमारे ५० बार दाब उरला असता, अंगातील फुगविता येणाऱ्या जाकिटातील सर्व हवा सोडून, नेहमीचा श्वास रोखून, हातपाय न हलविता पृष्ठभागाशी उभे राहावे; पाणी डोळ्यांच्या रेषेशी यावे, आणि श्वास सोडताच शरीर सावकाश खाली जावे. त्याहून वर तरंगल्यास शिसे कमी आहे, श्वास रोखलेला असतानाच बुडाल्यास अधिक आहे. हीच परीक्षा भरलेल्या टाकीने केली, तर पुढे खर्च होणाऱ्या हवेपोटी सुमारे दोन किलो शिसे वाढवावे लागते. नाहीतर परतीच्या वाटेवर पाच मीटरांवर जी तीन मिनिटांची विश्रांती घ्यावयाची, तेथे पाणबुड्या अनावरपणे वर ओढला जातो. तरणतलावात केलेला हिशेबही समुद्रात लागू पडत नाही. खारे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्क्यांनी जड असल्याने, साहित्यासह १०० किलो भरणाऱ्या माणसाला समुद्रात सुमारे अडीच किलो शिसे अधिक लागते.

जास्तीचे शिसे म्हणजे जास्तीची सुरक्षितता, ही समजूत मात्र मला अत्यंत घातक वाटते. अधिक घेतलेल्या प्रत्येक किलोपोटी जाकिटात सुमारे एक लिटर हवा भरावी लागते, आणि ती हवा खोलीबरोबर आकार बदलते: १० मीटरांवर जी चार लिटर, ती पृष्ठभागाशी आठ लिटर होऊ पाहते. वर येताना ती वेळीच सोडली नाही, तर माणूस वेगाने उसळतो. शिवाय कमरेच्या भाराने पाय खाली लोंबतात, शरीर तिरपे होते, श्रम वाढून हवा लवकर सरते, आणि फिन्सच्या फटकाऱ्यांनी वाळू उसळून प्रवाळ मोडते. १९८७ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या मालवणच्या सागरी प्रदेशात, जेथे प्रवाळ वर्षाकाठी अगदी थोडेसे वाढते, तेथे हा अपराध सामान्य मानता येणार नाही.

तेव्हा प्रशिक्षकांना आणि नवशिक्यांना माझी आग्रहाची विनंती आहे. टाकी घेताना तिच्या खांद्यावर ठोकलेली दाबपरीक्षेची तारीख वाचावी आणि मुदत उलटली असल्यास ती टाकी नाकारावी. टाकीचा धातू, पोशाखाची जाडी, पाणी गोडे की खारे, अखेरीस उरलेला दाब आणि वापरलेले शिसे यांची नोंद प्रत्येक बुडीनंतर वहीत करावी. आणि यांतील एकही बाब बदलली, तर जुन्या आकड्यावर विसंबून न राहता तपासणी नव्याने करावी.