आकाशांतील सिग्नल

मुंबईहून नागपुरास जाणारी आगगाडी वर्धा सोडल्यानंतर सिंदी (रेल्वे) स्टेशनाच्या अलीकडे कधीं कधीं मध्येंच उभी राहते. उतारू खिडकींतून डोकावतात, कुरकुरतात. पुढच्या टप्प्यांत दुसरी गाडी असते. ती निघून गेल्यावांचून सिग्नल मिळत नाहीं. या बंधनाच्या भरंवशावरच उतारू रात्रीं निर्धास्त झोंपतात.

विमानास ही सोय नाहीं. त्याचा वेग ठराविक मर्यादेखालीं गेला कीं पंख भार पेलीत नाहींत. म्हणून आकाशांत ताटकळणें म्हणजे घिरट्या घालणें. ही गोष्ट मुलांस चटकन् समजते. मोठ्यांस मात्र विमान ‘उगाच कां फिरतें’ असा राग येतो.

सिंदीपासून सुमारें पन्नास किलोमीटरांवरील नागपूरच्या सोनेगांव विमानतळावर १९४९ सालीं रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीच्या सुमारास तेथें एकत्र येत व थैल्यांची अदलाबदल करून परत फिरत. दिशा चार, पण उतरावयाचें एकामागून एक! आज गर्दीच्या विमानतळांवर हाच पेंच अहोरात्र पडलेला असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या तर एकमेकींस छेदतात. एकीवर विमान असतां दुसरी मोकळी म्हणतां येत नाहीं.

यावर तोड अशी कीं, थांबलेलीं विमानें एकाच खुणेभोंवतीं, वाड्याच्या मजल्यांप्रमाणें एकावर एक फिरत ठेवावयाचीं. दोन मजल्यांत अंतर १,००० फुटांचें. सर्वांत खालचें उतरावयास निघालें कीं बाकीचीं एकेक मजला खालीं येतात.

पण या मजल्यांमधील तक्तपोशी कशाची? पुष्कळ वर्षें ती केवळ शब्दांचीच होती. १२ नोव्हेंबर १९९६ च्या सायंकाळीं दिल्लीहून सौदी अरबस्तानाचें विमान वर चढत होतें, आणि कझाकस्तानचें विमान दिल्लीकडे उतरत होतें. येण्याजाण्याचा मार्ग एकच. पहिल्यास १४,००० फुटांवर व दुसऱ्यास १५,००० फुटांवर राहण्याची आज्ञा होती. कझाक विमान आपल्या मजल्याखालीं उतरलें आणि हरियाणांतील चरखी दादरीवर दोन्हीं विमानें एकमेकांवर आदळलीं. ३४९ माणसें गेलीं, एकही वांचलें नाहीं. त्या विमानांत मनोऱ्याशीं बोलणाऱ्या माणसापुढें उंचीचें स्वतंत्र यंत्र नव्हतें. त्याला वैमानिकांच्या खांद्यावरून पाहावें लागे. दिल्लीच्या तत्कालीन रडारवर विमानाची उंची दिसत नसे.

त्यानंतर येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांच्या वाटा वेगळ्या करण्यांत आल्या, उंची दाखविणारें रडार आलें, आणि टक्कर टाळणारें यंत्र विमानांत सक्तीचें झालें. दोन विमानें धोक्याइतकीं जवळ आलीं कीं त्यांतील यंत्रें आपसांत ठरवून एकास ‘वर चढ’, दुसऱ्यास ‘खालीं उतर’ असें सांगतात.

तरी १ जुलै २००२ रोजीं जर्मनीच्या दक्षिण सीमेवर दोन विमानांची टक्कर होऊन ७१ जण मेले. एका वैमानिकानें यंत्राचें ऐकलें, दुसऱ्यानें मनोऱ्याचें; दोघेही खालीं उतरले. त्यानंतर वैमानिकांस निःसंदिग्ध शब्दांत बजावण्यांत आलें कीं, दोहोंच्या आज्ञा भिन्न असल्यास यंत्राचें ऐकावें, आणि मग मनोऱ्यास कळवावें.