सैनिक आणि लोकप्रतिनिधी : जनरल जगन्नाथराव भोसले

तेरेखोल नदीच्या दक्षिणेला गोव्यातील पेडणे तालुका आहे, तर उत्तरेला सावंतवाडीचा मुलूख. आझाद हिंद सेनेचे एक प्रमुख अधिकारी आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभेचे सदस्य मेजर जनरल जगन्नाथराव कृष्णराव भोसले यांचे तिरोडे हे गाव याच उत्तरेकडील मुलखातले. १९०६ साली त्यांचा जन्म झाला तेव्हा तेथे ब्रिटिशांचे मांडलिक असलेले सावंतवाडी संस्थान होते, आणि १७८८ मध्ये त्याच संस्थानाकडून पोर्तुगीजांकडे गेलेला पेडणे महाल पोर्तुगीज गोव्याच्या राजवटीत होता. भाषा, दैवते आणि सोयरिकी एक असूनही दोन परक्या सत्तांनी विभागलेल्या या प्रदेशातील एका सैनिकाचे जीवन पुढे संपूर्ण देशाच्या घडणीशी जोडले गेले.

इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथील लष्करी महाविद्यालयात शिक्षण घेऊन भोसले ब्रिटिश भारतीय सैन्यात ‘किंग्ज कमिशन’ मिळवलेले, म्हणजे थेट राजाच्या सनदेने नेमलेले अधिकारी झाले. अशी सनद त्या काळी फार थोड्या भारतीयांच्या वाट्याला येत असे. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले आणि हजारो भारतीय सैनिक युद्धकैदी बनले. त्यांच्यातून उभ्या राहिलेल्या आझाद हिंद सेनेत भोसले सामील झाले, आणि २१ ऑक्टोबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सरकारची स्थापना केली तेव्हा त्या मंत्रिमंडळात सैन्याच्या प्रतिनिधींपैकी ते एक होते. सेनेच्या सर्वोच्च मुख्यालयात वरिष्ठ अधिकारी म्हणूनही त्यांनी काम पाहिले.

युद्ध संपल्यावर या सैनिकांचे भवितव्य न्यायासनापुढे गेले. नोव्हेंबर १९४५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात शाहनवाझ खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्यावर लष्करी न्यायालयात, राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याच्या आरोपाखाली, पहिला खटला सुरू झाला. मध्यवर्ती विधिमंडळातील काँग्रेस पक्षाचे नेतृत्व केलेले नामवंत वकील भुलाभाई देसाई यांनी बचावात असे मांडले, की स्वतःचे सरकार आणि संघटित सैन्य असलेल्या व स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या लोकांना आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार युद्ध करण्याचा अधिकार असतो, आणि म्हणून अशा सैनिकांना राजद्रोही ठरवता येत नाही. न्यायालयाने आरोपींना दोषी धरले, तरी जानेवारी १९४६ मध्ये सरसेनापती ऑकिनलेक यांना जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा माफ करणे भाग पडले. भोसले यांनाही ब्रिटिशांच्या बंदिवासातून जावे लागले होते. वकिलांनी मांडलेला आणि जनतेने उचलून धरलेला तो युक्तिवाद भोसले यांच्यासह साऱ्या सेनेच्या सन्मानाचा प्रश्न होता.

स्वातंत्र्यानंतरही आझाद हिंद सेनेच्या सैनिकांना भारतीय लष्करात परत घेण्यात आले नाही. त्यामुळे सैनिकी आयुष्याचा दरवाजा बंद झालेल्या या अधिकाऱ्याने सेवेचा दुसरा मार्ग निवडला: १९५२ च्या निवडणुकीत ते रत्नागिरी जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेले आणि केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. हे खाते फाळणीत घरेदारे गमावून आलेल्या लाखो निर्वासितांचे होते, आणि छावण्यांत वाढणाऱ्या मुलांना अन्न व निवारा यांइतकीच आत्मविश्वासाची गरज होती. म्हणूनच १९५४ मध्ये दिल्लीतील कस्तुरबा निकेतन या निर्वासितांच्या वसाहतीतून त्यांनी ‘राष्ट्रीय शिस्त योजना’ सुरू केली. कवायत, व्यायाम, समूहगीते आणि देशाविषयीचे ज्ञान यांच्या योगे मुलांत शिस्त व स्वाभिमान रुजवावा, हा तिचा हेतू होता. ही योजना पुढे इतर शाळांत पसरली, आणि १९६५ च्या सुमारास तिचे ‘नॅशनल फिटनेस कोअर’ या व्यापक उपक्रमात विलीनीकरण झाले.

भोसले केंद्र सरकारात असताना, १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडण्यातील पत्रादेवी येथे निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीजांच्या गोळीबारात कर्नेलसिंग बेनिपाल यांना हौतात्म्य आले. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला, तेव्हा तेरेखोल नदीचे दोन्ही किनारे एकाच संविधानाखाली आले. त्यानंतर १९६३ मध्ये भोसले यांचे निधन झाले. शस्त्र हाती असताना त्यांनी स्वातंत्र्यासाठी झुंज दिली, आणि ते हातातून गेल्यावर तीच शिस्त त्यांनी निर्वासित मुलांच्या शिक्षणाला दिली. गोवा आणि सावंतवाडी या दोन्ही बाजूंच्या शाळांत त्यांचे चरित्र शिकवले जावे, कारण सैनिकाचे शौर्य लोकशाहीत लोकसेवेच्या रूपाने कसे टिकते, याचा त्याहून जवळचा पुरावा या परिसराला सापडणे कठीण आहे.