अबोला : घराघरांतील एक जुने दुखणे
(संघाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



भावना आणि नातेसंबंध या विषयावर बोलण्यास कार्यकारी मंडळाने आम्हांस पाचारण केले, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. विषय विस्तृत आहे. म्हणून त्यातील एकाच गोष्टीचा, आपल्या घराघरांत नांदणाऱ्या अबोल्याचा, विचार येथे करण्याचे योजिले आहे. मानसोपचाराच्या व्यवसायात आमच्याकडे भांडणारी कुटुंबे येतात, तशी न भांडणारीही येतात. आणि या दुसऱ्या कुटुंबांचे दुखणे पुष्कळदा अधिक मुरलेले असते, असा आमचा अनुभव आहे.

आवाज चढविणे आपण असभ्यपणाचे मानतो, ते योग्यच होय. परंतु रागाला बोलण्याची वाटच उरली नाही, म्हणजे तो मौनाच्या वाटेने जातो. "बाबांना सांग, पान वाढले आहे," हे वाक्य कोणत्या घरात कधीच ऐकू आले नसेल? अशा वेळी घरातील मूल निरोप्या बनते, आणि हे सारे आपल्यामुळेच तर झाले नाही ना, अशी शंका मनात बाळगू लागते. वाटणीवरून दोन भावांत पडलेला अबोला त्यांच्या मुलांच्या लग्नपत्रिकांपर्यंत पोहोचतो. वाटणी केव्हाच झालेली असते. मूळ कशावरून बिनसले, हे पुढच्या पिढीस ठाऊकही नसते.

अबोला धरणारा म्हणतो, "मी काही वावगे बोललो का?" त्याचे म्हणणे खरे असते, परंतु समोरच्यास त्या मौनातून एवढेच ऐकू येते की, आपण याच्या लेखी नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी पतिपत्नींचे संवाद अनेक वर्षे बारकाईने न्याहाळले. संसारास घातक अशा चार सवयी त्यांनी सांगितल्या आहेत : दोषारोप, तुच्छता, स्वतःचेच समर्थन, आणि भिंतीसारखे गप्प होणे. अशा गप्प होणाऱ्याची नाडी आतून पुष्कळदा जलद चाललेली असते, असेही त्यांना आढळले. तात्पर्य, अबोला हा दर वेळी निष्ठुरपणा नसतो. अनावर झालेल्या भावनेपासून काढलेला तो पळही असू शकतो.

मग करावे काय? आम्ही तीन साध्या गोष्टी सुचवितो.

पहिली, भावनेस नेमके नाव द्यावे. ज्यास आपण सरसकट राग म्हणतो, त्याच्या पोटी कधी अपमान असतो, कधी भीती, कधी एकटेपणा. मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चित्रातील चेहऱ्यावरील भावनेस शब्द दिला असता मेंदूतील अमिग्डाला या भागाची खळबळ कमी झालेली दिसली. मन मोकळे केल्याने बरे वाटते, या आपल्या वडीलधाऱ्यांच्या अनुभवाशी हे जुळणारेच आहे.

दुसरी, विसावा घ्यावा, पण मुदत सांगून घ्यावा. शरीराची खळबळ शमण्यास निदान २० मिनिटे लागतात, असे गॉटमन सांगतात. "आत्ता मला बोलवत नाही, रात्री जेवणानंतर बोलू," एवढे सांगून उठणे हा अबोला नव्हे. मात्र रात्री खरोखरच बोलले पाहिजे.

तिसरी, जे सांगावयाचे ते ज्याचे त्यास सांगावे, मुलांकरवी नव्हे. आणि सांगताना 'नेहमी' व 'कधीच' हे शब्द टाळावेत. "तुम्ही मला कधीच विचारत नाही," असे सुनेने म्हटले तर सासूबाई समर्थनास उभ्या राहतील. "आई, बारशाचा दिवस ठरविताना मला विचारले नाही, तेव्हा मला परके वाटले," असे म्हटल्यास त्या निदान ऐकून घेण्याचा संभव अधिक.

येथे दोन मर्यादा सांगणे आमचे कर्तव्य आहे. ज्या घरात मारहाण वा धाक आहे, तेथील स्त्रीचे मौन हे तिचे संरक्षण असते. तिला संवादाचा उपदेश करू नये, साहाय्य द्यावे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा तिच्या पाठीशी आहे. दुसरे, प्रत्येक मौन रागाचे नसते. दोन आठवडे वा अधिक काळ एखाद्याची झोप, भूक आणि कशातीलही गोडी गेली असेल, तर तो रुसवा नव्हे, आजार असू शकतो. स्थळ मोडेल या भयाने अशी दुखणी झाकली जातात, हे आपण सारे जाणतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णास उपचाराचा व गोपनीयतेचा हक्क दिला आहे. शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो, मराठीतही मिळतो.

शेवटी संघातील वडीलधाऱ्यांस एक विनंती. आपणांस मध्यस्थीस बोलाविले जाते, तेव्हा चूक कोणाची हे ठरविण्याची घाई करू नये. प्रथम दोघांचेही पूर्ण ऐकून घ्यावे. बहुतेकांस निवाड्यापेक्षा, आपले कोणी ऐकले, याचेच अधिक समाधान असते. आणि ज्यांच्या घरी कोणाशी अबोला असेल, त्यांनी पुढील सणाची वाट न पाहता आपणच पहिला शब्द उच्चारावा. त्यात मान जात नाही. नाते मात्र राहते.

एवढे बोलून आपली रजा घेतो.