गर्भारपणांतील काढे



मी जन्मभर शाळेंत मुलें शिकविलीं. वैद्यक मात्र शिकलों नाहीं. तरीहि आज या विषयावर बोलण्याचें धाडस करीत आहें, तें माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळें.

माझी कन्या पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली होती. सातव्या महिन्यांत तिला खोकला झाला, आणि घरांत अडुळसा व ज्येष्ठमध यांचा काढा सुरू झाला. “बाबा, घेऊं ना?” असें तिनें विचारलें. “झाडपाल्यानें कोणाचें वाईट झालें आहे?” हें माझें उत्तर! पंधरा दिवसांनीं तपासणींत तिचा रक्तदाब वाढलेला आढळला. परिचारिकाबाईंनीं घरगुती औषधांची चौकशी केली व काढा तत्काळ बंद करविला. पुढें सर्व सुखरूप पार पडलें. रक्तदाब काढ्यानेंच वाढला, असें डॉक्टर म्हणाले नाहींत. पण माझें तें उत्तर मला अजून बोचतें.

धोत्रा हाहि झाडपालाच आहे! ज्यांत गुण आहे, त्यांत अवगुणहि असूं शकतो. ज्येष्ठमधांतील ग्लिसिरायझिन या द्रव्याच्या अतिसेवनानें रक्तदाब वाढतो व रक्तांतील पोटॅशियम घटतें. फिनलंडांत ज्येष्ठमधाची मिठाई फार खातात. तेथील २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, ती पुष्कळ खाणाऱ्या गर्भवतींची प्रसूति कांहींशी लवकर होते असें दिसून आलें. अडुळशांतील व्हॅसिसीन हें द्रव्य गर्भाशयाचें आकुंचन घडवूं शकतें. कोरफडीचा कडू पिवळा चीक तीव्र रेचक आहे, तोहि टाळावा.

म्हणून सर्वच वर्ज्य करावें काय? तसें नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ सालीं, आरंभींच्या महिन्यांतील मळमळीवर आलें उपयुक्त मानलें आहे. मात्र दिवसाकाठीं ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅफिन पोटांत जात असेल, तर चहा-कॉफी कमी करावी, असाहि तिचा सल्ला आहे. शिवाय लोहाची गोळी चहाबरोबर घेऊं नये. चहामुळें लोह अंगीं कमी लागतें.

तात्पर्य, स्वयंपाकांतील चिमूटभर जिन्नस निराळा आणि रोज आटवून प्यालेला काढा निराळा. आई किंवा सासूबाई काढा देतात तो मायेनेंच. पण माया ही मात्रा ठरवूं शकत नाहीं. तपासणीस जातांना पेल्यांत काय काय असतें तें न संकोचतां सांगावें. आणि घरांतील लेकीसुनेनें विचारलें, तर आम्हां वडीलधाऱ्यांनीं इतकेंच म्हणावें : “आधीं डॉक्टरांना विचारूं.” तीन शब्दांचें हें उत्तर त्या दिवशीं मला सुचलें नाहीं, आपणांस सुचावें, एवढीच विनंती.